टँगोचं माहेर

पुण्यात टँगो शिकवणाऱ्या एका वर्गाला मी दीड वर्ष जाते आहे. गेल्या महिन्यात सराव संपल्यावर चहाच्या वेळी तिथे वाद पेटला. नव्या मंडळींना नेहमीची गोष्ट ऐकवली गेली : हा नाच ब्युनोस आयर्सच्या वेश्यावस्तीत जन्मला, बाईसाठी ताटकळणारे पुरुष वेळ काढायला एकमेकांना धरून नाचायचे, आणि त्यातून टँगो झाला. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक हसू पसरलं. एक तरुणी उसळून म्हणाली, हे सगळं थोतांड आहे, टँगो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा, गोऱ्यांनी तो लुटला. त्यावर एक वयस्क गृहस्थ म्हणाले, वाद्यं युरोपची, मिठी युरोपची, संगीतकारांची आडनावं इटालियन, मग आफ्रिका आली कुठून? तासभर आवाज चढत राहिले. प्रत्येकाकडे एकेक खरा मुद्दा होता आणि तो मुद्दा म्हणजेच सगळं सत्य असं प्रत्येकजण धरून चालला होता.

मला या भांडणात सगळ्यात जास्त खटकतो तो मूळ प्रश्नच. ‘टँगो कुठे जन्मला?’ असं विचारलं की उत्तर म्हणून एखादी खोली, एखादी गल्ली दाखवावी लागते. ‘टँगो कोणी घडवला?’ असं विचारलं तर माणसं दाखवावी लागतात. माझं म्हणणं असं, की टँगो घडायला काही दशकं लागली. त्याचा पाया रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवरच्या कृष्णवर्णीयांनी घातला, शहराच्या कडेच्या गरीब स्थानिकांनी आणि बोटी भरभरून आलेल्या युरोपियन कामगारांनी त्यावर घर बांधलं, आणि वेश्यागृह ही त्याच्या पोटापाण्याच्या अनेक ठिकाणांपैकी एक जागा होती. वेश्यावस्तीची गोष्ट इतकी टिकली, कारण ती ऐकायला चटकदार आहे. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे ती सांगितली की घडवणाऱ्यांची नावं घ्यावी लागत नाहीत.

आधी समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं मांडते. १८६९ साली ब्युनोस आयर्सची वस्ती दोन लाखांच्या आत होती. १९१४ साली ती पंधरा लाखांच्या वर गेली आणि तिच्यातला जवळपास निम्मा माणूस परदेशात जन्मलेला होता. इटली आणि स्पेनमधून आलेल्या या लोंढ्यात एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. वेश्याव्यवसायाला पालिकेने १८७५ पासून परवाने दिलेले. अशा शहरात नाच-गाणं आणि देहविक्रय एका छपराखाली आले नसते तरच नवल. बोर्हेससारख्या मोठ्या लेखकाने ही बाजू युक्तिवादाने मांडली आहे. तो म्हणतो, टँगोची जुनी वाद्यं पियानो, बासरी आणि व्हायोलिन. गरिबांच्या वस्तीत तो जन्मला असता तर त्यांच्या हातातली गिटार पुरली असती, म्हणजे हे पैसेवाल्या जागेतलं संगीत. शिवाय जुन्या टँगोंची कित्येक नावं चावट, आणि बोर्हेसने लहानपणी पालेर्मो भागातल्या कोपऱ्यांवर पुरुषांना जोडीने नाचताना पाहिलेलं. त्याच्या मते वस्तीतल्या बायकांना ‘तसल्या’ बायकांचा नाच नको होता म्हणून. हा माणूस ऐकीव गप्पा मारत नाही, पुराव्यावरून अनुमान काढतो आहे. त्याला उत्तरही पुराव्यानेच द्यायला हवं.

सुरुवातीच्या टँगो त्रयींत बासरी आणि व्हायोलिनच्या शेजारी बसलेली असायची ती गिटारच. तिघंजण वाद्यं काखोटीला मारून एका आवारातून दुसऱ्या आवारात जायचे. पियानो असा उचलून नेता येत नाही, तो या मेळात उशिरा स्थिरावला. म्हणजे अनुमानाचा पहिला खांबच डळमळतो. आणि पियानो आला तो एकट्या वेश्यागृहांत आला का? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टँगोच्या छापील स्वरलिपी पियानोसाठी निघत होत्या, विकल्या जात होत्या. त्या विकत कोण घेत होतं? घरात पियानो आणि वाजवायला मुलगी असलेली कुटुंबं. रंगभूमीवर छोट्या संगीत-नाटुकल्यांतून टँगो गाजत होता. हातगाडीवरचा ऑर्गन फिरवत रस्त्यारस्त्याने जाणारे वादक कोन्व्हेन्तियोंच्या अंगणात तो ऐकवत होते. कोन्व्हेन्तियो म्हणजे तिथल्या चाळी : मधे अंगण, भोवती एकेका कुटुंबाची एकेक खोली, संडास आणि धुण्याची जागा सामाईक. गिरगाव-लालबागच्या माणसाला याचं चित्र काढून दाखवावं लागणार नाही. त्या अंगणात रविवारी जे वाजत होतं ते पोरांनी, आयांनी, आज्यांनी ऐकलेलं होतं.

राहिले जोडीने नाचणारे पुरुष. जिथे पुरुष जास्त आणि बायका कमी, तिथे बाईला नाचासाठी विचारायची संधी वाया घालवणं कोणाला परवडणार? म्हणून पोरं आधी आपसांत शिकायची. ही रीत वेश्यागृहं बंद झाल्यावरही मोडली नाही. १९४०च्या दशकात वाढलेले नर्तक सांगत आले आहेत, की नवख्या मुलाला आधी कित्येक महिने बाईची बाजू नाचावी लागे, मग पुरुषाची बाजू, आणि थोरल्यांनी मान डोलावली की मगच तो सूट घालून नाचाच्या संध्याकाळी पाऊल टाकी. मी स्वतः वर्गात दोन्ही बाजू शिकले तेव्हा या रीतीतलं शहाणपण मला पटलं. समोरच्याच्या छातीतून येणारा इशारा कसा पोचतो हे अंगाने कळल्याशिवाय इशारा देता येत नाही. बोर्हेसने पाहिलं ते खरं होतं. त्याने लावलेला अर्थ मात्र एकमेव नव्हता.

मग ही गोष्ट एवढी पक्की कशी झाली? ती कोणी आणि कधी सांगितली हे पाहिलं पाहिजे. १९१२-१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचं वेड लागलं. जर्मन कैसरने गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तो नाचायची बंदी केली, १९१४ च्या जानेवारीत पॅरिसच्या आर्चबिशपने त्याचा निषेध केला. या गदारोळात अर्जेंटिनाची उच्चभ्रू मंडळी शरमेने लाल झाली. पॅरिसमधले त्यांचे राजदूत एन्रिके लारेता सांगू लागले, की आमच्याकडे हा नाच बदनाम घरांत आणि हलक्या गुत्त्यांत चालतो, सभ्य दिवाणखान्यात नाही. कवी लिओपोल्दो लुगोनेस यांनी तर टँगोला कुंटणखान्यातला सरपटणारा प्राणी म्हटलं. ‘वेश्यागृहातला टँगो’ या प्रतिमेचे हे मोठे प्रचारक, आणि त्यांना टँगो आपला म्हणायचाच नव्हता. ज्याला मूल नाकारायचं आहे त्याने सांगितलेली जन्मकथा आपण शंभर वर्षं जन्मदाखला म्हणून का वापरतो आहोत?

एका शब्दापाशी थांबते, कारण त्यात ही सगळी लबाडी साठलेली आहे. ब्युनोस आयर्सच्या बोलीत वेश्यागृहाला ‘किलोंबो’ म्हणत. आज तो शब्द नुसत्या गोंधळासाठीही वापरतात. हा शब्द अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला. तिथे त्याचा अर्थ छावणी. ब्राझीलमध्ये मालकाच्या तावडीतून पळालेल्या गुलामांनी जंगलात वसवलेल्या स्वतंत्र वस्त्यांना किलोंबो म्हणत. माणसांनी जीव धोक्यात घालून मिळवलेल्या मोकळ्या जागेचं नाव नदीकाठच्या शहरात येईपर्यंत बदनाम घराचं नाव झालं. काळ्यांची वस्ती, काळ्यांचा नाच आणि वेश्यागृह हे तिन्ही एकाच तिरस्काराने एकत्र बांधले गेले होते. तेव्हा टँगोला ‘वेश्यागृहातला’ म्हणणाऱ्याच्या मनात पत्ता कमी होता, रंग जास्त होता.

आता रोसेन्दो मेन्दिसाबाल. ‘एल एन्त्रेर्रियानो’ हा १८९७ च्या सुमाराचा टँगो, ज्यापासून या संगीताचा छापील इतिहास मोजायला अनेकजण सुरुवात करतात, तो याचा. रोसेन्दो कृष्णवर्णीय होता, पियानोवादक होता. दिवसा तो चांगल्या घरच्या मुलींना पियानो शिकवायचा. रात्री नाचघरांत वाजवायचा. हा टँगो त्याने ज्या घरात पहिल्यांदा ऐकवला ते ‘ला वास्का’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मारियाचं नाचघर, आणि त्याची कीर्ती काही सोवळी नव्हती. हे मी लपवत नाही. नाव पडलं ते एन्त्रे रिओस प्रांतातून आलेल्या एका रसिकावरून, ज्याला तो अर्पण केला होता. छापताना लेखकाच्या जागी रोसेन्दोने आडनाव वगळून ‘ए. रोसेन्दो’ एवढंच लिहिलं. १९१३ साली, म्हणजे पॅरिस टँगोवर फिदा झालेलं असताना, तो गरिबीत मेला. आता सांगा, हा टँगो कुठे जन्मला? मारियाच्या घरात? की सकाळी ज्या पियानोवर एखादी दहा वर्षांची मुलगी त्याच्या देखरेखीखाली स्वर घोटत होती तिथे? तो जन्मला रोसेन्दोच्या बोटांत. घराचा पत्ता जगाला पाठ झाला आणि त्याचं नाव राहून गेलं.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. गोव्याच्या कलावंत समाजातून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. त्या समाजातल्या बायकांच्या वाट्याला देवळाची सेवा, यजमानाचा आश्रय आणि जगाची कुजबुज हे सगळं आलं होतं. म्हणून केसरबाईंचं गाणं यजमानाच्या ओसरीवर जन्मलं असं कोणी म्हणेल का? ते अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत, वर्षानुवर्षं एकेक पलटा घासून तयार झालं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर तबकडी ठेवून मानवजातीचा आवाज अवकाशात पाठवला गेला तेव्हा त्यात केसरबाईंची भैरवी होती. कलावंताला पोटासाठी कुठे गावं लागलं ही समाजाच्या वागणुकीची नोंद आहे. ती कलेच्या माथ्यावर मारणं म्हणजे अन्याय सोसणाऱ्यालाच त्याबद्दल जबाबदार धरणं.

आता दुसरा जोरदार आक्षेप. १८८७ च्या शिरगणतीत ब्युनोस आयर्सच्या सव्वाचार लाखांवर वस्तीत कृष्णवर्णीय म्हणून नोंदले गेले अवघे ८,००५ लोक, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. टँगो आकार घेत होता तो नेमका हाच काळ. इतक्या थोड्या माणसांनी एका महानगराचा नाच घडवला हे कसं मानायचं? प्रश्न रास्त आहे. पण हेच शहर १७७८ साली मोजलं गेलं तेव्हा जवळपास दर तिसरा माणूस आफ्रिकन वंशाचा होता. शतकभर या लोकांच्या कांगो, बेंगेला, मोझांबिक अशा ‘राष्ट्रां’च्या मंडळ्या होत्या, त्यांची स्वतःची घरं आणि ढोल होते, आणि शहराला त्या ढोलांचा इतका सराव होता की नदीपलीकडच्या उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओत आणि इथे त्यांच्यावर वारंवार बंदीहुकूम निघत. युद्धांनी, १८७१ च्या पीतज्वराने, मिश्रविवाहांनी त्यांची संख्या घटली. आणि मोजणाऱ्यांनीही घटवली, कारण ज्या देशाच्या १८५३ च्या राज्यघटनेने युरोपियन स्थलांतराला उत्तेजन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं, तिथे सावळ्या माणसाला ‘गहूवर्णी’ लिहून टाकणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. शिवाय नाच पसरायला डोकी लागत नाहीत, पाहणारे डोळे लागतात.

आणि ते डोळे होते. व्हेन्तुरा लिंच या संगीत-अभ्यासकाने १८८३ साली, म्हणजे पॅरिसच्या वेडाच्या तीस वर्षं आधी, लिहून ठेवलं की मिलोंगा फक्त शहरातले कोम्पाद्रितो नाचतात, आणि काळ्यांच्या ठिकाणी चालणाऱ्या नाचांची टिंगल म्हणून त्यांनी ती बनवली. कोम्पाद्रितो म्हणजे शहराच्या कडेचा रुबाबदार टगा : तिरकी टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला सुरी. टिंगल करायला आधी बारकाईनं पाहावं लागतं, आणि नक्कल करता करता ती अंगात मुरते. मिलोंगा हे टँगोचं लगतचं आधीचं रूप, आणि तो शब्दही किंबुंदूतला, मूळ अर्थ ‘बोलणं, शब्द’. खुद्द ‘टँगो’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या वसाहतींत काळ्यांच्या नाचाच्या जमावाला आणि जागेला लावलं जात होतं. वर्गातल्या गृहस्थांना मी हेच सांगितलं : आडनावं इटालियन आहेत, पण ज्या घरात ते राहायला आले त्याच्या दारावरची पाटी आधीची आहे.

शरीराची साक्ष त्याहून स्पष्ट. युरोपच्या दिवाणखान्यातल्या नाचात जोडी एकदा फिरायला लागली की थांबत नाही. पाठ ताठ, वजन वर, जमिनीशी नातं जेमतेम. टँगोत दोन गोष्टी घडतात. एक ‘कोर्ते’, म्हणजे चालता चालता अचानक खंड. संगीत पुढे जातं, पावलं गोठतात, आणि त्या शांततेत जोडी तालाशी बोलते. दुसरी ‘केब्रादा’, म्हणजे कमरेतून मोड : गुडघे सैलावतात, नितंब एका अंगाला कलतात, वजन खाली जमिनीकडे उतरतं. हे मोड आणि हे खंड लोक कांदोंबेच्या, म्हणजे काळ्यांच्या ढोलांवरच्या नाचाच्या, नर्तकांकडून शिकले. कांदोंबेत मात्र नाचणारे एकमेकांपासून सुटे असतात. कोम्पाद्रितोने ते वॉल्ट्झ-माझुर्का या युरोपियन जोडीनाचांच्या मिठीत आणले. सुट्या अंगाचा नाच मिठीत शिरला की पंचाईत होते, कारण दोघांपैकी एकाने थांबायचं ठरवलं तर दुसऱ्याला ते आधी कळायला हवं. ती पंचाईत सोडवता सोडवता टँगोचं खरं वैशिष्ट्य तयार झालं : न ठरवता, न बोलता, छातीच्या इशाऱ्यावर दोघांनी क्षणाक्षणाला रचलेली चाल. हे आफ्रिकेत नव्हतं, युरोपातही नव्हतं. त्या शहरात झालं.

म्हणूनच ‘गोऱ्यांनी लुटला’ हे वाक्यही मला अपुरं वाटतं. त्यातला राग मी मानते. नफा कोणाला झाला आणि रोसेन्दो कसा मेला हे पाहिलं की तो राग यायलाच हवा. पण लूट म्हणजे तयार वस्तू उचलणं, आणि इथे तयार वस्तू नव्हती. ज्या आबानेराच्या ठेक्यावर जुना टँगो चालतो ती क्यूबाहून आली आणि ती स्वतःच काँत्रादान्सा हा युरोपियन नाच काळ्या वादकांच्या हातात पडून झालेली. बांदोनेऑन हा भात्याचा बाजा जर्मनीचा, क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडच्या नावाचा. तो या नदीवर आला तेव्हा टँगोची गती संथ झाली आणि त्यात घर सोडून आलेल्या माणसाचा हुंदका आला. तो हुंदका नापोली-जिनोव्हाहून आलेल्या हमालाचाही आहे. आणि काळे वादक टँगो देऊन पडद्याआड गेले असंही नाही. ओरासिओ साल्गान हा पियानोवादक २०१६ साली शंभरी पार करून वारला. त्याच्या उजव्या-डाव्या हाताचा झगडा ऐकला की कांदोंबेचा ढोल पियानोत शिरलेला कळतो. ‘लुटला’ म्हटलं की साल्गान कुठे ठेवायचा?

अर्जेंटिनाचा की उरुग्वेचा, या भांडणावर मी फार शाई घालवणार नाही. ‘ला कुम्पार्सिता’ ही टँगोची गाजलेली धून माँटेव्हिडिओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेसची. उरुग्वेने १९९८ साली कायद्याने तिला आपलं सांस्कृतिक गीत केलं, आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अर्जेंटिनाचं पथक तिच्यावर चाललं तेव्हा निषेध नोंदवला. नदी एक, दोन बंदरं, तेच वादक इकडून तिकडे. २००९ साली दोन्ही देशांनी मिळून टँगो युनेस्कोच्या वारसायादीत नेला, हे बरंच झालं. मला त्या यादीतली वेगळी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. अबू धाबीच्या त्याच बैठकीत उरुग्वेचा कांदोंबेही यादीत आला, चीको, रेपीके आणि पियानो (हेही एका ढोलाचंच नाव) या तीन ढोलांसकट. ब्युनोस आयर्सच्या कांदोंबेची तिथे नोंद नव्हती. आमच्याकडे काळे उरलेच नाहीत, असं ते शहर पिढ्यान् पिढ्या सांगत आलं होतं.

ते उरले होते. २०२२ च्या अर्जेंटिनाच्या जनगणनेत तीन लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला आफ्रिकन वंशाचे म्हणवलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२०च्या दशकापासून थेट १९७०च्या दशकापर्यंत, शहराच्या ऐन मध्यावर कासा सुइसा नावाच्या इमारतीत शिमी क्लब ही कृष्णवर्णीय कुटुंबांची मंडळी कार्निव्हलचे नाच भरवत असे. वरच्या दालनात वाद्यवृंद टँगो आणि जॅझ वाजवायचे, जोड्या मिठीत फिरायच्या. मध्यंतरात घरची माणसं जिना उतरून तळघरात जायची. तिथे ढोल असायचे. आजीने नातवाला शिकवलेले ठेके तिथे वाजत, सुट्या अंगाने नाच होई, आणि वरचा वाद्यवृंद पुन्हा सुरू झाला की तीच माणसं कपाळाचा घाम पुसत जिना चढून परत टँगोत शिरत. एका रात्रीत किती वेळा त्यांनी तो जिना चढला-उतरला असेल. पुढच्या खेपेला वर्गात जन्माची गोष्ट निघाली तर मी त्या जिन्याबद्दल सांगणार आहे, आणि मग ‘एल एन्त्रेर्रियानो’ लावायला सांगणार आहे, रोसेन्दोचं नाव पूर्ण घेऊन.